मोबाईल, कॉलर माइक आणि फिजिक्सची लॅब : आठ महिन्यांनंतर

फिजिक्सचे तास आणि प्रयोग मोबाईलवर रेकॉर्ड करून मुलांना द्यायचे ठरवलं, पण जूनमध्ये, बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात सुरुवात केली हीच पहिली चूक. आमच्या लॅबवर पत्रे आहेत. पाऊस लागला की तिसऱ्या बाकापर्यंत माझाच आवाज पोचत नाही, तिथं दहा फुटांवरच्या मोबाईलला काय ऐकू येणार? पहिले चार तास वाया गेले. मग दीड हजारांचा वायरलेस कॉलर माइक घेतला. आजवरच्या खर्चात पैसे वसूल झाले ते ह्या एकाच वस्तूचे. फोन जुनाच आहे, तेवढा पुरतो.

माइकला एक खोड आहे. चार्जिंग संपलं की गपचूप बंद पडतो. ऑप्टिक्सचा चाळीस मिनिटांचा अख्खा तास मूकपट निघाला! आता आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनने ऐकतो, मगच शिकवायला लागतो.

ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हातानं करता येतात तो) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. फिजिक्सच्या मास्तरला हे सुचायला दोन आठवडे लागले, काय बोलायचं.

पूर्ण तासांची रेकॉर्डिंग कुणी बघत नाही. युट्यूबवरचा प्रेक्षकांचा आलेख चौथ्या मिनिटालाच कोसळलेला दिसतो. अकरा व्हिडिओ काढूनच टाकले.

चाललं ते स्पेक्ट्रोमीटरचं (प्रकाशकिरण किती अंशांनी वळला ते मोजायचं यंत्र). मुख्य पट्टीवर अर्ध्या अंशाचे भाग, व्हर्नियरवर (तिला लागून सरकणाऱ्या बारीक पट्टीवर) ३० रेघा, म्हणून लघुत्तम माप, म्हणजे मोजता येणारा सर्वांत लहान कोन, १ मिनिट (अंशाचा साठावा भाग), हे फळ्यावर सगळ्यांनाच समजतं. पण नेमकी कुठली रेघ जुळली हे भिंगातून एका वेळी एकालाच दिसतं, बाकीचे मागे उभे. मी रिटॉर्ट स्टँडच्या क्लॅम्पमध्ये फोन अडकवला, कॅमेरा भिंगाला टेकवला आणि चार मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात मुद्दाम शेजारच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, ‘ही जुळली का?’ दुसरा व्हिडिओ शून्य ओलांडण्याचा. यंत्राची दुर्बीण ३५४ अंशांवरून पुढं सरकत, ३६० ला पुन्हा शून्य होऊन, १२ वर आली की पोरं सरळ वजाबाकी करून ३४२ लिहितात, खरं उत्तर १८. ‘सर, माझं रीडिंग बघा की’ म्हणत लागणारी रांग यंदा निम्म्यावर आली.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर दाबला जातो आणि व्हर्नियरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांना घरी धड रेंज नाही, ती कॉलेजातच उतरवून घेतात आणि बसमध्ये बघतात.

राहिली भाषा. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत समजावणार, आणि मागच्या बाकावरून ‘कन्नडदाग हेळ्री सर’ (कन्नडात सांगा सर). माझं कन्नड बाजारहाटापुरतं. म्हणून प्रयोगाचं चित्रण आवाजाशिवाय करतो, एकदा मी मराठीत बोलतो, एकदा आमचे सहकारी कन्नडात. गंमत म्हणजे नंदगडकडची मराठी पोरंही परीक्षेआधी कन्नडच ऐकतात, कारण बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षेत कन्नडात विचारतील ही धास्ती.

येत्या पावसाळ्यातल्या प्रयोगांचं शूटिंग मात्र एप्रिल-मेमध्येच उरकणार. पत्रे काही बदलत नाहीत.