वणव्यांचे नकाशे : सहा महिने वापरल्यावर

डिसेंबर ते मे मी आमच्या टेकडीच्या गटासाठी उपग्रहांच्या चित्रांवरून जळालेली जमीन मोजत होतो. त्यासाठी दोन संकेतस्थळं वापरली: नासाची 'फर्म्स' आणि युरोपचा 'कोपर्निकस ब्राउझर', दोन्ही फुकट.

फर्म्सवर उपग्रह वरून गेल्यापासून तीनेक तासांत पेटलेल्या जागी ठिपका उमटतो. पुण्यात मात्र त्याने निराशा केली. फेब्रुवारीत कात्रजकडच्या एका डोंगराला संध्याकाळी सातला वणवा लागला. ओल्या फांद्यांनी झोडपून आम्ही दहापर्यंत विझवला, आणि नकाशावर काहीच नाही! यातल्या 'व्हिअर्स' हे आग टिपणारं उपकरण असलेल्या उपग्रहांची फेरी दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास असते. मधल्या वेळची आग निसटते.

आग निसटली तरी डाग राहतो. चार दिवसांनी कोपर्निकसवर सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचं चित्र आलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशापैकी निअर इन्फ्रारेड हिरवं पान भरपूर परतवतं, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड कमी. जळालेल्या जमिनीचं उलटं. त्यावरून एनबीआर हा जळीत ओळखायचा आकडा निघतो, आणि आगीआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा केला की जळालेला भाग वेगळा दिसतो. इथला एक चौकोन, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, २० मीटरचा, म्हणजे जेमतेम चार गुंठे. आम्ही काढलेल्या जाळरेषेपाशी (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काळा डाग सरळ कापल्यासारखा थांबलेला दिसला. एकाच जागी जिभेसारखा पलीकडे गेला होता. तिथलं गवत काढायचं राहिलं होतं, हे मला नकाशा बघूनच कळलं.

जगभरच्या जळिताचा नासाचा एमसीडी६४ए१ नकाशा नोव्हेंबर २००० पासूनचा आहे, पण चौकोन ५०० मीटरचा, म्हणजे साठेक एकरांचा. आफ्रिकेतल्या अफाट गवताळ रानांना तो पुरतो; आमची टेकडी त्यात हरवते. मुळशीकडचे राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेले जमिनीचे तुकडे, तर दिसणारच नाहीत.

नव्याने वापरणाऱ्यांनी एक सांभाळा. एनबीआरमध्ये किती फरक पडला की जमीन जळाली म्हणायचं, याच्या जंगलांवरून ठरवलेल्या मर्यादा आपल्या गवताला लावू नका. फेब्रुवारीत गवत आधीच वाळलेलं असतं, त्यामुळे फरक कमी भरतो. एकाच चित्रावर तर मुळीच विसंबू नका, उघडा काळा कातळही जळाल्यासारखा दिसतो. मी दोनदा फसलो, प्रत्यक्ष चढून गेल्यावर समजलं. आणि चित्र लवकर बघा. राख वाऱ्याने उडाली की डाग फिका पडतो.

जूनपासून ढगांमुळे काम बंद आहे. त्या राहिलेल्या जागेचं गवत यंदा दिवाळीनंतर लगेच काढायचं ठरलंय.