रोजच्या वापरातली थार किंवा जिमनी उंच करायची तर कशी? स्पेसर, पूर्ण किट आणि नुसते टायर यांचा तुलनात्मक आढावा

गाडी आठवड्याचे पाच-सहा दिवस ऑफिस, शाळा आणि बाजार या फेऱ्यांत राबते आणि सुट्टीच्या दिवशी भंडारदरा, वेल्हे किंवा मुळशीच्या आडवाटांवर उतरते, अशा मालकांसाठी हा आढावा आहे. केवळ स्पर्धेसाठी ठेवलेल्या गाडीचा हिशेब वेगळा असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही. उदाहरणासाठी २०२० साली आलेली तीन दारांची महिंद्रा थार आणि २०२३ साली आलेली पाच दारांची मारुती जिमनी या दोन गाड्या घेतल्या आहेत. दोन्ही चॅसीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या असल्या, तरी थारला पुढे स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक दोन आर्मवर वेगळे हलते असे) आणि मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) आहे, तर जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. या एका फरकामुळे एका गाडीला मानवलेला उपाय दुसरीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न बहुधा "किती इंच?" असाच येतो. खरे तर आधी हे पाहायला हवे की आपल्या वाटेवर गाडीचे नेमके काय टेकते. अखंड ॲक्सलमधला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा, थोडक्यात डिफ) चाकांच्या रेषेत असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी तो जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. सस्पेन्शन लिफ्टने, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच केल्याने, वर जाते ती चॅसी आणि तिला लटकलेले सगळे सामान. थारचा पुढचा डिफरन्शियल चॅसीला बांधलेला असल्याने तो मात्र लिफ्टबरोबर वर जातो. मधल्या पट्टीत दगड असलेल्या बैलगाडी-वाटेवर ज्यांचा मागचा डिफ घासतो, त्यांनी लिफ्टवर खर्च केला तरी घासणे थांबणार नाही, त्यासाठी टायरच मोठा लागतो.

बांध, चर आणि टेकाडे ओलांडताना गाडीचे पोट टेकत असेल, तर लिफ्टचा उपयोग खरा आहे आणि तो मोजताही येतो. रॅम्प-ओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या टेकाडाचा कोन, थारचा २७ अंश, जिमनीचा २४ अंश. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर) थारचा २,४५० मिमी आणि जिमनीचा २,५९० मिमी धरून ढोबळ गणित केले, तर ४० मिमी लिफ्टने दोन्ही गाड्यांच्या कोनात तीन ते साडेतीन अंशांची भर पडते. म्हणजे पाच दारांची जिमनी ४० मिमी उचलल्यावर ती कंपनीतून आलेल्या थारच्या जेमतेम बरोबरीला येते. पोट वारंवार टेकते अशी तक्रार करणाऱ्या जिमनीवाल्याला लिफ्टचे जितके कारण आहे, तितके थारवाल्याला नाही. थारवाले बरेचदा दिसण्यासाठीच गाडी उचलतात. त्यात गैर काही नाही, फक्त स्वतःशी तेवढे कबूल केले की पुढचा खर्च आटोक्यात राहतो.

नुसते टायर

जिमनीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास साधारण ६९३ मिमी भरतो. २१५/७५ आर १५ घेतला तर तो ७०३ मिमी होतो, म्हणजे उंचीत पाचच मिमींची भर पडते, पण ऑल-टेरेन (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या) नक्षीचा आणि रुंद टायर मिळतो. २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३३ मिमी असल्याने डिफखाली २० मिमी जागा खरोखर वाढते. त्याची किंमत अशी की चाकाचा घेर सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढा कमी वेग दाखवतो आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्कच्या इंजिनाला माळशेजसारख्या चढावर एक गिअर खाली येण्याची पाळी वारंवार येते. शिवाय हा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर घासू शकतो, म्हणून तो घेणारे सहसा लिफ्टही घेतात.

थारला कंपनीकडूनच २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ असे ३१ इंचांच्या आसपासचे टायर मिळतात, त्यामुळे आणखी मोठ्या मापाने हाती फारसे लागत नाही. त्याच मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर, हवा भरायचा छोटा पंप आणि कच्च्या वाटेवर दाब २० पीएसआयच्या आसपास उतरवण्याची सवय, एवढ्यावर रोजच्या थारचे बहुतेक काम भागते. पक्क्या रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, याचा कंटाळा असेल तर मात्र हा मार्ग निवडू नये.

स्पेसर

स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या किंवा शॉकच्या (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्याच्या) माथ्यावर बसणारी धातूची किंवा पॉलियुरेथेनची चकती. ती काही हजारांत मिळते, एका दिवसात बसते आणि गाडी लगेच उंच दिसते. म्हणूनच तिचा खप आहे. पण शॉकची लांबी तीच राहते, आणि खरी गोम तिथे आहे.

समजा, एखाद्या चाकाला एकूण २०० मिमी हालचालीची मुभा आहे आणि गाडी स्थिर असताना त्यातले १०० मिमी वरच्या आणि १०० मिमी खालच्या बाजूला शिल्लक आहेत. स्प्रिंगवर स्पेसर टाकून गाडी ५० मिमी उचलली की खालच्या बाजूला फक्त ५० मिमी उरतात. चाक खड्ड्यात उतरले की शॉक लगेच पूर्ण ताणला जातो आणि त्याच्या टोकाला धातूवर धातू आदळल्यासारखा "टक" असा आवाज येतो. गतिरोधकावरून उतरताना हा आवाज विशेष जाणवतो. कच्च्या वाटेवर चाकाने खाली लोंबून जमीन धरून ठेवायला हवी, तिथे ते आधीच हवेत लटकते. म्हणजे उंची वाढली, पण पकड कमी झाली.

थारच्या पुढच्या बाजूला स्पेसर सहसा कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र जोडणीच्या) माथ्यावर बसतो आणि तिथे दोष निराळ्या रूपात येतो. शॉक विशबोनच्या मधल्या भागात अडकवलेला असल्याने २० मिमीचा स्पेसरही चाकापाशी त्याहून बरीच जास्त उंची देतो आणि चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली लोंबू लागते. चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (वळत्या सांध्याचा) आणि वरच्या विशबोनच्या बॉल जॉइंटचा कोन त्यामुळे तीव्र होतो, सीव्ही जॉइंटचे रबरी बूट लवकर फाटते आणि त्यात चिखल शिरला की जॉइंटचे आयुष्य संपत येते. दुसरीकडे, चाक पूर्ण वर दबताना बम्पस्टॉपने (हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याने) भार घेण्याआधीच शॉक आतून आपटण्याची शक्यता राहते.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि लोखंडी बम्पर बसवल्यावर पुढून झुकलेली गाडी सपाट करण्यासाठी १० ते १५ मिमीचा स्पेसर लावणे समजण्यासारखे आहे. लिफ्टचा स्वस्त पर्याय म्हणून मात्र रोजच्या गाडीला तो लावू नये. बजेट तेवढेच असेल, तर कंपनीचे सस्पेन्शन आहे तसे ठेवलेले बरे.

मूळ शॉकवर नुसत्या उंच स्प्रिंगा टाकण्याचा मधला मार्गही सुचवला जातो. त्यात खालची हालचाल स्पेसरइतकीच कमी होते आणि कडक स्प्रिंगची उसळी मूळ शॉकला आवरत नाही. यावर जास्त थांबण्याचे कारण नाही.

स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले पूर्ण किट

ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स किंवा प्रोफेंडर या नावांनी जी किटे ओळखली जातात, त्यांत स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी जुळवलेले असतात आणि शॉकची लांबीही वाढीव असते. उंची वाढूनही चाकाची खालची हालचाल शाबूत राहते, आणि स्पेसरहून कितीतरी पट जास्त पैसे मोजायचे ते याचसाठी. आयात केलेले किट बसवण्यासह लाखाच्या घरात जाते, त्यामुळे निवड करताना उंचीपेक्षा पुढच्या दोन गोष्टींवर अधिक वेळ द्यावा.

पहिली गोष्ट स्प्रिंगच्या वजनवर्गाची. एकाच उंचीच्या किटमध्ये हलकी, मध्यम आणि जड अशा स्प्रिंगा मिळतात, आणि त्यांचा संबंध गाडीवर कायम राहणाऱ्या वजनाशी असतो, वर्षातून एकदा केलेल्या लडाखच्या सफरीतल्या सामानाशी नसतो. मागे कायमचे दोनशे-तीनशे किलो धरून बनवलेली स्प्रिंग रिकाम्या थारला लावली, तर अपेक्षेपेक्षा गाडी उंच बसते, मागून उड्या मारते आणि मागच्या सीटवरची माणसे आठवड्याभरात तक्रार करू लागतात. विक्रेत्याकडे मध्यम वर्गाची स्प्रिंग शिल्लक नसते तेव्हा "जडच घ्या, टिकेल" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. बम्पर, विंच, रूफ कॅरिअर यांतले खरोखर काय बसवणार आहोत हे आधी ठरवून मगच स्प्रिंग निवडावी. विशेषतः जिमनी मुळातच बाराशे किलोंच्या आसपासची हलकी गाडी आहे आणि तिच्यावर कडक स्प्रिंग लगेच जाणवते.

दुसरी गोष्ट शॉकची. खराब रस्त्यावर तासभर सतत चालल्यावर शॉकमधले तेल तापते आणि फेसाळते, मग गाडी डुलू लागते. मोनोट्यूब शॉकची तेलाची नळी थेट बाहेरच्या हवेला लागून असल्याने तो लवकर थंड होतो आणि वेगात गाडी घट्ट धरतो. ट्विनट्यूब शॉकला दोन नळ्या असतात, त्यामुळे बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी आतला पिस्टन सहसा चालत राहतो. मोनोट्यूबला तसाच पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो. समृद्धीवर १२० च्या वेगाने लांब पल्ले मारणाऱ्याला पहिला प्रकार आवडेल. दगडगोट्यांत हळू चालणाऱ्याला आणि शहरातले खड्डे रोज झेलणाऱ्याला गॅसभरला ट्विनट्यूब अधिक मानवतो, आणि माझे मतही रोजच्या वापरासाठी त्याच बाजूचे आहे.

जिमनीला किट बसवताना काही जोडकामे टाळता येत नाहीत. गाडी उंच झाली की पुढचा ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कोन (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो. स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते आणि महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. त्यासाठी कॅस्टर दुरुस्तीचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) किंवा ॲक्सल धरणारे बदललेले आर्म लागतात. ॲक्सल जागेवर धरणारा आडवा पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच राहिला, तर गाडी उचलताच ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घ्यावा. अखंड ॲक्सलच्या गाड्यांमध्ये ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरजोराने थरथरण्याचा त्रास आधीच असेल, तर लिफ्टनंतर तो वाढतो. किंगपिन बेअरिंग (पुढचे चाक वळते त्या सांध्याचे), बुश आणि चाकांचे बॅलन्सिंग आधी तपासून मगच पुढे जावे. थारला पुढे वरच्या विशबोनचा आणि सीव्ही जॉइंटचा कोन पाहावा लागतो. ४० मिमीपर्यंत मूळ भाग सहसा निभावून नेतात, त्यापुढे बदललेले विशबोन घेण्याची तयारी ठेवावी.

तीन इंच किंवा त्याहून अधिक लिफ्ट, तसेच चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट, हे दोन्ही पर्याय रोजच्या गाडीच्या यादीतून काढून टाकावेत. पहिल्याने गुरुत्वमध्य इतका वर जातो की घाटातल्या वळणावर आणि अचानक लेन बदलताना गाडीचा भरवसा वाटत नाही. दुसऱ्याने फक्त टायरला जागा होते, पोट आहे तिथेच राहते.

पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगची) जिप्सी किंवा पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असलेली २०२० पूर्वीची थार ज्यांच्याकडे आहे, त्यांना एक जास्तीचा पाटा घालणे, लांब शॅकल (पाट्याचे टोक टांगणारी कडी) लावणे किंवा टॉर्शन बार पिळून पुढची बाजू उचलणे असे स्वस्त उपाय सुचवले जातात. टॉर्शन बार पिळण्याचा परिणाम वर सांगितलेल्या स्पेसरसारखाच होतो. नव्याने कमान दिलेल्या पाट्यांचा पूर्ण संच आणि योग्य लांबीचे शॉक हाच तिथे सरळ मार्ग आहे.

कायदा, विमा आणि पार्किंग

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून किट घेण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वॉरंटीतल्या गाडीच्या बाबतीत सस्पेन्शन व ड्राइव्ह शाफ्टच्या दाव्यांचे काय होईल हे सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर मागून घ्यावे. सोसायटीत यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल, तर तिथल्या उंचीची मर्यादा टेपने मोजावी. साधारण १,८५० मिमी उंचीच्या थारला लिफ्ट, टायर आणि रूफ कॅरिअर मिळून ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. घरात गुडघेदुखीची माणसे असतील, तर साइडस्टेपचा खर्च किटमध्येच धरावा.

कोणी काय घ्यावे

थार रोज वापरणाऱ्याने आधी ऑल-टेरेन टायर घालून एक पावसाळा काढावा आणि त्यानंतरही पोट टेकत असेल किंवा मूळ शॉक थकले असतील, तरच ४० मिमीचे, मध्यम किंवा हलक्या स्प्रिंगचे पूर्ण किट घ्यावे. जिमनीवाल्याला टायर आणि ४० मिमी किट एकत्र घेणे परवडते, कारण २३५ च्या टायरला जागाही लागते आणि पोटाचा कोनही तिथे खरोखर कमी आहे. मात्र कॅस्टर आणि पॅनहार्डची कामे "नंतर बघू" म्हणून सोडायची असतील, तर किटही नंतरच घ्यावे.

बसवून घेताना स्वतः हजर राहावे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. टायरमधल्या हवेचा या मापावर परिणाम होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात किती लिफ्ट मिळाली ते त्यातूनच कळते. आर्म आणि विशबोनचे बुशबोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना अखेरचे आवळू देऊ नयेत. आतले रबर चिकटवलेले असते आणि लटकत्या स्थितीत आवळले की गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळले जाते. मग गाडी विनाकारण कडक वाटते आणि बुश काही महिन्यांत फाटतात. ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबलेले असताना ताणले जात नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहावे. त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी लावून घ्यावी, आणि स्प्रिंगा बसून गेल्यावर, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरनंतर, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी.