कोळशाचं झाकणवालं ग्रिल: गच्चीवरचे आठ महिने

दिवाळी झाल्यावर कोळशाचं ग्रिल घेतलं. गोल, 18 इंची, तीन पायांचं, साडेआठ हजारांना. आता जुलै चालू आहे. थंडी, उन्हाळा आणि पावसाचा पहिला महिना त्याने कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर काढला, म्हणून आता लिहितोय. घेताना सगळ्यात आधी झाकण बघा. ते घट्ट बसतं का, आणि वरची-खालची हवेची भोकं नीट उघडतात-मिटतात का. रंग, चाकं, बाजूची फळी हे सगळं नंतर.

इलेक्ट्रिकचाही विचार झाला होता. पण ते 2000 वॅटचं, आणि गच्चीवर आमच्याकडे 6 अँपिअरचा सॉकेट. त्यावर जेमतेम 1,400 वॅट निघतात. गॅसच्या ग्रिलसाठी भरलेला सिलिंडर दोन जिने चढवायला लागला असता, त्याला आईने सरळ नको म्हटलं. उघडी लांबट शेगडी स्वस्तात मिळते, मेव्हण्याकडे आहे. पनीर, कणसं, सीख कबाब यांना ती पुरते. चिकनची तंगडी मात्र तिच्यावर बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते.

आमचंही पहिले दोन रविवार तेच झालं, कारण कोळसा सगळ्या तळाला पसरला होता. तिसऱ्या वेळी निखारे एका बाजूला ओढले, तंगड्या रिकाम्या बाजूला मांडल्या, झाकण लावलं. वरचं भोक पूर्ण उघडं, खालचं अर्धं. पस्तीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग दोन-दोन मिनिटं थेट निखाऱ्यावर. त्या दिवशी वहिनीने हाड मोडून दाखवलं, आत लाल थेंब नव्हता. आता टोचायचा थर्मामीटर आहे. हाडाजवळ 74 अंश सेल्सियस दिसलं की काढतो. चरबी गळून जाळ उठला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. झाकण लावा, हवा तुटली की जाळ बसतो. अमेरिकेत 1952 साली पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा, पत्र्याचा गोळा वापरून असं ग्रिल केलं, ते उघड्या शेगडीवर वाऱ्याचा त्रास व्हायचा म्हणूनच. आमच्या गच्चीवर संध्याकाळचा वारा सुटला की हे झाकण किती कामाचं आहे ते कळतं.

मटणाचं स्पष्ट सांगतो. बोकडाचं मटण चिकनसारखं होत नाही. चापा घ्या, कच्च्या पपईचा गर दीड-दोन तास लावा. रात्रभर ठेवलं तर मांसाचा भुगा होतो. आणि आपली कांदा-लसूण चटणी सुरुवातीला चोपडू नका, तिखट जळून कडू लागतं. शेवटच्या पाच मिनिटांत तेलात कालवून ब्रशने लावा. तांबडा-पांढरा रस्सा अजून गॅसवरच होतो आणि तिथंच होऊ दे. भरताचं वांगं मात्र विझत आलेल्या निखाऱ्यात ठेवून बघाच. साल काळी पडून तडकते, देठाकडून रस फुसफुसत येतो, आणि घरात आलेल्या माणसाला जिन्यातच वास लागतो.

आता तक्रारी. सोबत आलेल्या जाळीचा चकचकीत मुलामा एप्रिलमध्येच पापुद्र्यांसारखा सुटायला लागला. दुकानदाराने हात वर केले. स्टेनलेस स्टीलची नवी करून घ्यायला जाळी घेऊन उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेलो. स्टील 304 चं, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या प्रतीचं आहे का ते बघायला मी लोहचुंबक खिशात घेऊनच गेलो होतो; 202 ही त्याची हलकी प्रत. वर्कशॉपवाले काका म्हणाले, "चुंबक चिकटत नाही म्हणजे 304 असं नसतं बाळा, 202 ला पण चिकटत नाही." बिलावर 304 लिहून घेतलं, 6 मिमीच्या सळ्यांची जाळी 1,400 रुपयांत झाली. पावसाचा महिना गेला, तिच्यावर डाग नाही. बुडाच्या भांड्याला मात्र आतून गंज आला, आणि त्यात चूक आमची. राख ओल धरते. आठवडाभर ती तशीच राहिली आणि खालचा पत्रा खाल्ला. आता दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गार झालेली राख काढतो, आतून तेलाचा हात फिरवतो.

कोळसा लाकडीच घ्या, वखारीत मिळतो. एका रविवारी आम्हाला दीड किलो लागतो. रॉकेल टाकून पेटवू नका, मांसाला वास राहतो. त्याच काकांनी भोकं पाडलेला पत्र्याचा नळा करून दिलाय. खाली कागद, वर कोळसा, वीस मिनिटांत निखाऱ्यांवर पांढरी राख चढते. आणि पाऊस आला म्हणून पेटलेलं ग्रिल खोलीत आणू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही पाऊस उघडल्याशिवाय पेटवतच नाही.

झाकणावरचा तापमानाचा काटा तीस-चाळीस अंश कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. एका पायाचा बोल्ट सारखा ढिला होतो. भरलेलं ग्रिल डुगडुगलं की मुलांना लांब करायला लागतं. तिन्ही पाय जाड पाइपचे करून द्यायला काका तयार आहेत, पुढच्या सोमवारी नेणार आहे.