जमिनीचा दावा : वादपत्र नामंजुरीचा अर्ज करावा की प्राथमिक मुद्द्याची वाट धरावी?

घर किंवा शेतजमिनीच्या मालकीवरून दाव्याचे समन्स हाती पडले की साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच प्रकरण संपवता येईल का, असा प्रश्न प्रतिवादीला पडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. वकील मंडळी जिला ‘सेव्हन इलेव्हन’ म्हणतात, ती आदेश 7 नियम 11 खालील वादपत्र (वादीने दावा मांडणारा अर्ज) नामंजुरीची वाट. आणि दुसरी, आदेश 14 नियम 2 खाली कायद्याचा मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवून घेण्याची.

पहिल्या वाटेवर न्यायालय फक्त वादपत्र आणि त्याच्यासोबत दाखल केलेली कागदपत्रे वाचते. प्रतिवादीचे म्हणणे कितीही खरे असले, त्याच्या कपाटातला सातबारा कितीही बोलका असला, तरी या टप्प्यावर त्याकडे पाहिले जात नाही. अनेक अर्ज नेमके इथेच फसतात. दाव्याला कारणच दिसत नसेल, किंवा वादपत्रातील कथनावरूनच दावा एखाद्या कायद्याने बाधित ठरत असेल, तरच अर्ज टिकतो. कोर्ट फी किंवा मूल्यांकन कमी असेल तर वादीला आधी दुरुस्तीची मुदत मिळते, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी अर्ज करून फारसे काही साधत नाही.

सुरत येथील जमिनीच्या एका प्रकरणात खरेदीखत 2009 मध्ये झाले होते आणि किमतीची बहुतांश रक्कम मिळालीच नाही म्हणून खत रद्द करण्याचा दावा 2014 च्या डिसेंबरात दाखल झाला. तारखा वादपत्रातच होत्या आणि मुदत तीन वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये वादपत्राची नामंजुरी कायम केली. वादीला फसवणूक ‘नुकतीच कळली’ असे वादपत्रात लिहिलेले असेल तर मात्र मुदतीचा प्रश्न बहुधा पुराव्यावर जातो. बेनामी (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे) व्यवहाराच्या मनाईचेही तसेच आहे, कारण व्यवहार अपवादात बसतो की नाही हे साक्षीशिवाय ठरत नाही.

पूर्वीच्या दाव्यात हाच वाद निकाली निघाला आहे, असे म्हणायचे असेल तर दुसरी वाट पाहावी. या आक्षेपाला पूर्वन्याय म्हणतात; त्यासाठी आधीच्या दाव्यातील कथने, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, आणि ते वादपत्राच्या चौकटीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. त्याच निकालात प्राथमिक मुद्दा काढायचा का, याचा विचार करण्यास खालच्या न्यायालयाला सांगितले. या वाटेला लेखी कैफियत (प्रतिवादीचे उत्तर) दाखल होऊन मुद्दे निघावे लागतात, त्यामुळे वेळ जातो. शिवाय मुद्दा निव्वळ कायद्याचा असावा लागतो, आणि तो अधिकारक्षेत्राचा किंवा कायद्याने घातलेल्या मनाईचाच असावा लागतो. महाराष्ट्रात कलम 9-अ मुळे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जाच्या वेळीच अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढता येत असे. ते कलम 27 जून 2018 पासून वगळले गेले, तरी जुन्या सवयीने तशी मागणी अजून कानावर येते.

फळातही फरक आहे. नामंजुरी हुकूमनामा (डिक्री) समजली जात असल्याने वादीला अपील मिळते आणि, मुदत उरली असेल तर, त्याच कारणावर नवे वादपत्रही दाखल करता येते. म्हणजे केवळ कारण नीट न मांडल्याने झालेली नामंजुरी प्रतिवादीला थोडीच उसंत देते. प्राथमिक मुद्द्यावर गुणावगुणांचा निर्णय होऊन दावा फेटाळला गेला तर तो निर्णय पुढे बांधून ठेवतो. प्रतिवादीचा अर्ज फेटाळला गेला तर त्याला अपील नाही, पुनर्निरीक्षणाचाच (रिव्हिजन) मार्ग उरतो.

अनेक मागण्यांपैकी एक जरी टिकणारी असेल तर वादपत्र तुकड्यांत नामंजूर होत नाही. खरेदीखत रद्द करण्याच्या मुदतबाह्य मागणीसोबत ताब्याची टिकाऊ मागणी जोडलेली असेल, तर पहिल्या वाटेचा नाद सोडणे मला शहाणपणाचे वाटते.

नामंजुरीचा अर्ज कधीही करता येतो आणि न्यायालयाने तो आधी निकाली काढायचा असतो, हे खरे. पण कैफियतीची 30 दिवसांची, फार तर 90 दिवसांची मुदत निसटली म्हणून ती परत मिळवण्यासाठी हा अर्ज वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बजावले आहे. म्हणून अर्ज द्यायचा ठरला, तरी कैफियत त्याच्या भरवशावर पडून राहू देऊ नये.