जुन्या लॅपटॉपवर मिंट की क्रोम ओएस फ्लेक्स?

ऐरोलीच्या मावशीचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ती विचारत होती लिनक्स मिंट टाकू की क्रोम ओएस फ्लेक्स (दोन्ही विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम, फ्लेक्स गूगलची). पैसे दोन्हीकडे शून्य. रॅम फ्लेक्सला ४ जीबी लागते, मिंट २ वरही चालतं पण ४ असलेली बरी.

खरा फरक नेट गेल्यावर कळतो, फ्लेक्समध्ये जवळपास सगळं ब्राउझरमध्येच, प्ले स्टोअरचे ॲप्सपण नाहीत, मिंटमध्ये लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) आधीच असतं, सोसायटीचा हिशोब ऑफलाइन होतो. शिवाय फ्लेक्स इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसतं (फोटोंचा बॅकअप आधी घ्याच!), मिंट विंडोजच्या शेजारी बसवता येतं. शिकायला मिंटला थोडे दिवस जातात. दोन्ही पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतात.

नुसतं यूट्यूब, मेल असेल तर फ्लेक्स, हिशोब-फोटो सांभाळायचे तर मिंट. मावशीला मिंटच टाकून देतोय.