धोलावीरा आणि रणातील तंबू : आरक्षणाच्या नावाखाली झालेली फसवणूक

कच्छमधील धोलावीराचे हडप्पाकालीन अवशेष पाहायचे आणि रात्री तिथेच पांढऱ्या रणात, मिठावर उभारलेल्या तंबूत मुक्काम करायचा, अशी जाहिरात पाहून आम्ही एका एजंटाकडे कुटुंबाचे आरक्षण केले होते. जाहिरातीतील छायाचित्रे खरी होती, परंतु ती धोरडो येथील रण उत्सवाच्या तंबूनगरीची होती, आणि धोरडोहून धोलावीरा रस्त्याने शंभर किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे. ‘कच्छचे रण’ म्हटले की ही दोन्ही ठिकाणे शेजारीशेजारी असावीत असे बाहेरच्या माणसाला वाटते, आणि या मंडळींचा सगळा धंदा त्याच समजुतीवर चालतो.

निम्मी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली गेली. पावतीवर पर्यटन संस्थेचे नाव होते, पैसे मात्र एका व्यक्तीच्या खात्यात जमा झाले. त्यानंतर ‘सीमेजवळच्या रात्रीच्या मुक्कामाचा परवाना’ म्हणून माणशी वेगळी रक्कम मागण्यात आली, आणि तीही आम्ही भरली. वस्तुतः धोरडोच्या पांढऱ्या रणाचा परवाना गुजरात सरकारच्या संकेतस्थळावर किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून आपला आपल्याला काढता येतो. शिवाय धोलावीरा ज्या खडीर बेटावर आहे त्याच्या भोवतालचे रण कच्छ वाळवंट अभयारण्यात मोडते, त्यामुळे तिथे मिठावर खासगी तंबू ठोकून देण्याचे आश्वासन मुळातच संशयास्पद मानावे.

खावड्याहून रण ओलांडून आम्ही संध्याकाळी धोलावीरा गावात पोहोचलो, तेव्हा एजंटाचा फोन आला की वनखात्याने छावणी आजच बंद केली आहे, धोरडोला तंबू राखून ठेवायचा असेल तर उरलेले पैसे आणि दरातील फरक ताबडतोब पाठवा. पोहोचल्यावर रोख देतो, असे सांगताच फोन कट झाला आणि पुन्हा लागला नाही. अंधार पडत असताना, मुले सोबत असताना ही मागणी यावी, हा योगायोग नसावा. गावातील एका भुंग्यात, म्हणजे कच्छी पद्धतीच्या गोल मातीच्या घरात, जागा मिळाली; यजमानांना आमच्या कहाणीचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मनसर आणि मनहर या ओढ्यांचे पाणी साठवणारे, खडकात कोरलेले जलाशय निवांत पाहिले. २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे स्थळ पाहण्यासाठी कोणत्याही पॅकेजची गरज नाही, हे तिथे गेल्यावर कळते.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, खातेदाराचे नाव आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत, आणि घरी परतेपर्यंत थांबू नये, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी कळवले तरच ती गोठवता येण्याची शक्यता राहते. आमची परवान्याची रक्कम अडवली गेली. आगाऊ भरलेले पैसे तोवर काढून घेतलेले होते. तीच छायाचित्रे आता दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या मोबाइल क्रमांकासह फिरत आहेत.