पट्टी की सलग, या वादात मला गुंतवून दुकानदारानं लोखंडात फसवलं

फेब्रुवारी 2025 मध्ये मी दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर घेतला. पैसे मोजले एक लाख पंधरा हजार दोनशे. मार्च संपायच्या आत तो नांगर लिंबाखाली उभा राहिला, आजही तिथंच आहे. दुकानाचं आणि नांगराच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. आणि ही चाल काही एकाच दुकानात चालते असंही नाही.

आमचं रान परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात. दुधना नदीच्या काठाला अकरा एकर काळं, चिकण. वर माळाला सहा एकर मुरमाड. ट्रॅक्टर पन्नास एचपीचा. आधी भाड्यानं नांगरून घ्यायचो, पण ऐन हंगामात भाडेवाला कधी वेळेवर आलाय? म्हणून स्वतःचा घ्यायचं ठरवलं, आणि घरात पहिला वाद सुरू झाला तो पंख्यावरून.

फाळ मातीचा थर कापतो आणि त्याच्या मागचा वाकडा पत्रा तो थर उचलून उलथा टाकतो. त्या पत्र्याला आम्ही पंखा म्हणतो. सलग पंखा म्हणजे अख्खा एक पत्रा. पट्टीचा पंखा म्हणजे तोच बाक, पण मध्ये फटी सोडून चार पट्ट्या बोल्टनं बसवलेल्या. ओली काळी माती सलग पत्र्याला थापल्यासारखी चिकटून बसते. मग माती लोखंडावरून घसरण्याऐवजी मातीवरूनच माती घसरायला बघते, थर उलटत नाही, नुसता ढकलला जातो, आणि ट्रॅक्टर रडायला लागतो. पट्ट्या असल्या की चिकटायला जागाच कमी उरते. जेवढं लोखंड आहे तेवढ्यावर मातीचा दाब जास्त येतो आणि ती सरकत जाते.

याची दुसरी बाजूही आहे. भुसभुशीत कोरड्या रानात माती फटीतून खाली गळते, धसकटं नीट गाडली जात नाहीत, पऱ्हाटीचे तुकडे फटीत अडकतात. मुरमाडात तर खडा दोन पट्ट्यांत असा पाचरीसारखा बसतो की हातोड्याशिवाय निघत नाही. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांचं म्हणणं होतं सलग घे, माळही नांगरायचाय. माझं म्हणणं, अकरा एकर काळं आहे, पट्टीच घ्यायची.

हाच वाद घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं चहा सांगितला, दोघांचं ऐकून घेतलं आणि माझ्या बाजूनं निकाल दिला. "तात्या, मालक बरोबर बोलायलेत. नदीकाठच्या रानाला पट्टीच. सलग घेऊन गेलात तर महिन्यात मलाच शिव्या घालताल." खरं सांगतो, छाती फुगली माझी. पाऊण तास आम्ही फटी किती असाव्यात, बाक कसा असावा यावरच बोललो. त्यात त्यानं एक शब्द खोटा सांगितला नाही. पट्टी कशाची आहे हे मी एकदाच विचारलं, तर म्हणाला, "बोरॉन स्टीलची, कडक केलेली." मी मान हलवली. लाल रंगाचा जाड थर होता वर, नखानंसुद्धा खरडून बघितलं नाही.

मग बिल. भाव एक लाख आठ हजार. तेव्हा नांगराला 12 टक्के जीएसटी होता (22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला). तो म्हणाला, "साठ हजाराचं पक्कं करू, अठ्ठेचाळीस चिठ्ठीवर. तुमचे पाच हजार सातशे साठ वाचतेत." वाचवले मी. बिलावर लिहिलं, 'पलटी नांगर, 1 नग'. मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही, बोरॉनचा तर उल्लेखच नाही. तात्यांनी अनुदानाचं विचारलं, तर "नंतर बसवून देऊ" म्हणाला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी असा क्रम असतो, शिवाय यंत्राचा मान्यताप्राप्त तपासणी अहवाल लागतो, हे मला खरेदीनंतर कळलं. म्हणजे तेही गेलं.

हरभरा निघाल्यावर काळ्यात नांगर घातला. वरून रान कोरडं, चार बोटांखाली ओल. पहिल्याच फेरीला माती पट्ट्यांना धरून बसली. फोन केला. म्हणाला, "नवा रंग हाय ना, रंग निघेस्तोवर चिकटतच असतंय. पाच-सात एकर चालू द्या." आता हेही खरंच आहे! पंखा घासून चकचकीत झाल्याशिवाय माती सोडत नाही, कुणालाही विचारा. सात एकर झाले. पुन्हा फोन. या वेळी मिस्त्री पाठवला. त्यानं टॉप लिंक, म्हणजे नांगर वरून ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, दोन आटे फिरवली, साखळ्या आवळल्या, "वाफसा बघून चालवा" म्हणून सल्ला दिला आणि गेला. तोही सल्ला बरोबर. असं एकेक बरोबर बोलत त्यांनी माझे तीन आठवडे काढले. चिठ्ठीच्या मागं बारीक शिक्का होता, 'तक्रार 15 दिवसांत'.

माळावरचे सहा आणि शेजाऱ्यांचं थोडं धरून बावीस एकर झाले. खालच्या पट्टीची पुढची कड वाकून आत गेली होती. एक पट्टी बदलावी म्हणून पाना लावला, तर नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरायला लागला. या बोल्टांचं डोकं पट्टीत बुडालेलं असतं आणि त्याच्या मानेचा चौकोन पट्टीच्या चौकोनी भोकात अडकून बसतो, म्हणून तो फिरत नाही. इथं भोकच गोल झालं होतं. लोखंड इतकं मऊ की बोल्टाच्या मानेनं ते कुरतडलं.

वेल्डिंगवाल्या मामांकडे नांगर नेला. त्यांनी काही विचारलं नाही, कानस घेतली आणि मागच्या बाजूनं, जिथं माती लागत नाही तिथं, रंग खरडून एक हात मारला. खर्र... आणि काळपट कीस खाली पडला. मग म्हणाले, जरा थांबा. दुरुस्तीला आलेला दुसऱ्या एकाचा पट्टी नांगर होता, दोन हंगाम चाललेला. त्याच्यावर तीच कानस मारली. ती काचेवरून सरकावी तशी नुसती सरकली, आवाज बारीक किणकिणीत, आणि पट्टीवर ओरखडाही नाही. त्या पट्ट्यांत तोंड दिसत होतं. माझ्या पट्ट्या भस्म फासल्यासारख्या, उभ्या रेघांनी भरलेल्या. जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं. वर न झिजलेल्या जागी आठ मिलिमीटर, खाली पुढच्या कडेला तीन.

"साधं एमएस हाय हे," मामा म्हणाले. एमएस म्हणजे माइल्ड स्टील, मऊ लोखंड. "गेटाला वापरतेत तसलं."

तेव्हा कळलं की चिकटत का होतं. मऊ लोखंडावर वाळूचे कण रेघा ओढतात, त्या रेघांत माती धरून राहते, म्हणून ते कधी चकाकतच नाही. फटी कितीही ठेवा. पट्टी की सलग हा प्रश्न खरा आहे, पण तो कडक लोखंडापुरता. मऊ लोखंडाचा सलग काय आणि पट्टी काय.

पट्ट्या बदलाव्यात म्हटलं, तर आणखी एक मेख निघाली. दोन फाळी पलटी म्हणजे वर दोन, खाली दोन असे चार पंखे, सोळा पट्ट्या. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पट्ट्यांची भोकं माझ्या नांगराला जुळेनात, कुठं अर्धा इंच इकडं, कुठं तिकडं. जुळणाऱ्या पट्ट्या एकाच ठिकाणी मिळतात. कुठं, ते सांगायला नको. एक अकराशे पन्नासला, म्हणजे सोळा अठरा हजार चारशेच्या, आणि त्याही त्याच लोखंडाच्या. पट्टी नांगर घेताना "झिजली तर एकच पट्टी बदला, अख्खा पंखा नको" हे आमिष सगळेच दाखवतात. दुसऱ्या दुकानातली पट्टी आणून तिथंच भोकावर भोक धरून बघायला हवं होतं, सुचलं नाही.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. पण वकील ओळखीचे आहेत, त्यांनी बिल बघून कपाळाला हात लावला. कागदावर मी सदुसष्ट हजार दोनशेचाच नांगर घेतलाय. वरचे अठ्ठेचाळीस हजार आहेत ते एका चिठ्ठीवर, सहीशिवाय. पाच हजार सातशे साठ वाचवले होते ना!

हेल्पलाइनला फोन करायच्या आधी तात्या आणि मी एकदा शेवटचं दुकानात गेलो. वाकलेली पट्टी टेबलावर ठेवली. दुकानदारानं ती उचलूनही बघितली नाही. चहा सांगितला. म्हणाला, "मालक, तुमच्या रानाला पट्टी मानवली नाही. तात्याच बरोबर होते. नऊ हजार वर द्या, चारी पंखे सलग बसवून देतो." तात्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर त्यांना ते पटायला लागलं होतं.

मी पिशवीतनं कानस काढली आणि दारात उभ्या असलेल्या सलग पंख्याच्या नांगराकडं गेलो. तो मागनं धावत आला.

"ओ मालक, खरडू नका, रंग जातो!"